राजीनाम्याआधीची वर्षे : जाहिरातीच्या कचेरीतून कादंबरीकडे

लेखकाच्या चरित्रात त्याची नोकरी बहुधा एका वाक्यात उरकलेली असते. जन्म, शिक्षण, ‘काही काळ जाहिरात-संस्थेत नोकरी’ आणि लगेच पहिली कादंबरी. पाठ्यपुस्तकांतील लेखक-परिचय याच साच्याचे असतात आणि वर्गात आम्हीही ते तसेच वाचून दाखवतो. त्या ‘काही काळा’त किती वर्षे गेली, दिवसाचे किती तास गेले, पगार कोणाच्या घरखर्चाला लागला आणि उरलेल्या वेळात कादंबरी कशी लिहिली गेली, हे प्रश्न परिचयाच्या चौकटीबाहेर राहतात.

या रिकाम्या जागेत मग दोन दंतकथा येऊन बसतात. पहिली त्यागाची : एके दिवशी लेखकाला साक्षात्कार झाला, त्याने भरल्या पगाराच्या नोकरीवर लाथ मारली आणि तो साहित्याला शरण गेला. दुसरी विटाळाची : ज्याने साबण आणि सिगारेटी विकण्यासाठी लेखणी झिजवली, त्याच्या गद्याला बाजाराचा वास येणारच. दोन्ही कथा परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. व्यवसाय आणि साहित्य ही दोन वेगळी घरे असून त्यांच्यामधला उंबरठा लेखक आयुष्यात एकदाच ओलांडतो, असे दोन्ही कथा मानतात. विसाव्या शतकाचा इतिहास तपासला, तर हा उंबरठा लेखकांनी वर्षानुवर्षे, प्रसंगी रोज सकाळ-संध्याकाळ ओलांडलेला दिसतो.

आमच्या दृष्टीने हा केवळ चरित्रलेखनाच्या शिस्तीचा मुद्दा नाही. मराठी घेऊन एम. ए. झालेले विद्यार्थी आज मालिकांचे संवाद लिहितात, जाहिरातींचे मजकूर मराठीत आणतात, निर्मितीसंस्थांमध्ये कथाविस्तार करून देतात. त्यांच्यापैकी काहींच्या दप्तरात कादंबरीची पन्नास-साठ पाने असतात. “सर, नोकरी सोडावी कधी?” हा त्यांचा प्रश्न असतो. आपण शिकवलेला साहित्येतिहास या प्रश्नाला जे उत्तर सुचवतो ते खोटे असेल, तर त्याची किंमत त्यांना आयुष्यातली वर्षे देऊन मोजावी लागते. म्हणून सर्जनशील व्यवसायांपैकी जाहिरात हा एकच व्यवसाय घेऊन, त्यातून कादंबरीकडे गेलेल्या काही लेखकांचा हिशेब येथे मांडून पाहू.

आरंभ व्यवसायापासूनच करायला हवा, कारण वाक्ये लिहिण्याचा मासिक पगार मिळणे ही गोष्ट फार जुनी नाही. जाहिरात-संस्था मूळच्या दलालांच्या. वृत्तपत्रांतील जागा घाऊक घ्यायची आणि व्यापाऱ्यांना किरकोळ विकायची, हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पर्धा वाढली, तेव्हा जागेबरोबर तीत छापायचा मजकूरही त्या देऊ लागल्या आणि त्यासाठी कॉपीरायटर नावाचा पगारी लेखक नेमला जाऊ लागला. संस्थेची मिळकत मात्र पुढेही जागेच्या किमतीवरील दलालीतूनच येत राहिली. ती साधारण १५ टक्के असे. या व्यवस्थेचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. चार ओळींचा मजकूर शंभर वृत्तपत्रांत वर्षभर छापला गेला, तर त्या चार ओळींमागे संस्थेला मिळणारी रक्कम मोठी असे. दर शब्दामागे मासिके जे मानधन देत, त्याच्याशी या मिळकतीची तुलनाच होऊ शकत नव्हती. शिकलेल्या, लिहिता हात असलेल्या आणि घरची इस्टेट नसलेल्या तरुणांना हा व्यवसाय का खेचून घेत असे, याचे स्पष्टीकरण येथे आहे. काही लेखकांना आठवड्यातून दोनच दिवस काम करून जगणे पुढे कसे शक्य झाले, याचेही मूळ याच अर्थशास्त्रात आहे.

त्यागाच्या दंतकथेचा आद्य नायक म्हणजे अमेरिकन कथाकार शेरवुड अँडरसन. १९०० साली ते शिकागोत जाहिरातीचा मजकूर लिहू लागले. पुढे ओहायो राज्यातील एलिरिया या गावी त्यांनी छपरांना लावायच्या रंगाचा व्यवसाय उभारला. २८ नोव्हेंबर १९१२ रोजी ते आपल्या कचेरीतून उठून चालते झाले. चार दिवसांनी क्लीव्हलंड शहरात ते भ्रमिष्ट अवस्थेत सापडले. पुढे आत्मपर लेखनातून त्यांनी या घटनेला नवे रूप दिले. एक व्यापारी जाणूनबुजून बाजाराकडे पाठ फिरवतो आणि साहित्याकडे चालू लागतो, असे ते रूप होते. १९२० नंतरच्या अमेरिकन लेखकांच्या पिढीला ही कथा अतिशय भावली आणि ती तिच्या आदर्शाचा भाग झाली.

कागदपत्रे वेगळी हकीकत सांगतात. एलिरियात असतानाच अँडरसन रात्री कादंबऱ्यांचे मसुदे लिहीत होते. १९१२चा प्रसंग हा कर्ज, धंद्याचा ताण आणि रात्रीचे लेखन यांच्या ओझ्याखाली झालेला मानसिक कोसळा होता. त्यातून सावरल्यावर १९१३मध्ये ते शिकागोला परतले आणि पुन्हा जाहिरात-संस्थेतच रुजू झाले. त्यांची पहिली कादंबरी १९१६ साली आली. ज्या ‘वाइन्सबर्ग, ओहायो’ने त्यांचे नाव झाले ते पुस्तक १९१९चे. त्यातील बहुतेक कथा शिकागोच्या भाड्याच्या खोलीत, दिवसा जाहिराती लिहून झाल्यावर उरलेल्या वेळात लिहिल्या गेल्या. जाहिरातीचा व्यवसाय त्यांनी कायमचा सोडला तो १९२२च्या सुमारास. म्हणजे ज्या क्षणी त्यांनी बाजार सोडला असे आपण वाचत आलो, त्या क्षणानंतर जवळजवळ दहा वर्षे ते बाजारातच होते. दंतकथेत आणखीही एक व्यक्ती दिसत नाही. ती म्हणजे त्यांची पहिली पत्नी कॉर्नेलिया. तीन मुलांची आई असलेल्या या सुशिक्षित स्त्रीने घटस्फोटानंतर शिक्षिकेची नोकरी करून घर चालवले. अँडरसन यांच्या ‘त्यागा’च्या हिशेबात हा पगार धरलेला नसतो.

खरोखर झटपट सुटका झालेला लेखक हवा असेल, तर एफ. स्कॉट फिट्झजेरल्ड यांच्याकडे पाहावे. १९१९ साली सैन्यातून सुटल्यावर ते न्यूयॉर्कमध्ये ट्रामगाड्यांतील जाहिरातींचे मजकूर लिहू लागले. काही महिन्यांतच त्यांनी नोकरी सोडली, सेंट पॉल या आपल्या गावी परतले आणि मार्च १९२०मध्ये त्यांची पहिली कादंबरी छापूनही आली. हा झपाटा पाहून कोणीही थक्क होईल. परंतु दोन गोष्टी विसरून चालणार नाही. एक म्हणजे ही कादंबरी कोऱ्या कागदावर सुरू झाली नव्हती. तिचा आधीचा मसुदा सैन्यातच लिहून झाला होता आणि १९१८मध्ये प्रकाशकाने तो दोनदा परत केला होता. दुसरी गोष्ट अशी की सेंट पॉलला त्यांच्या डोक्यावर आईवडिलांचे छप्पर होते. नोकरी सोडण्याचे धाडस त्यांनी केले हे खरे. त्या उन्हाळ्यातील जेवणखाणाचा भार मात्र दुसऱ्या कोणीतरी उचलला होता.

ज्यांच्यामागे असे छप्पर नव्हते, त्यांचे वेळापत्रक कसे होते? लंडनमध्ये १८९३ साली स्थापन झालेली एस. एच. बेन्सन ही त्या काळातील नावाजलेली जाहिरात-संस्था. डोरोथी सेयर्स १९२२ साली तेथे कॉपीरायटर म्हणून लागल्या. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० साली सुरुवात केली, तेव्हाच्या पहिल्या तुकडीतील त्या पदवीधर होत्या. १९२३मध्ये त्यांची पहिली रहस्यकादंबरी आली. जानेवारी १९२४मध्ये त्यांना मुलगा झाला. विवाहबाह्य संततीला तत्कालीन समाजात जागा नव्हती. त्यामुळे हे मूल गुप्तपणे एका मावसबहिणीकडे वाढले आणि त्याचा खर्च सेयर्स पुरवत राहिल्या. १९२६ साली कोलमन मोहरीसाठी बेन्सनने ‘मस्टर्ड क्लब’ नावाची मोहीम चालवली. एका काल्पनिक मंडळाचे सभासद, त्यांच्या सभा, त्यांचे नियम असा गमतीचा पसारा त्या मोहिमेत उभा केलेला होता. तिच्या मजकुरात सेयर्स यांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी त्यांची दुसरी कादंबरी आली आणि १९२७ व १९२८मध्ये आणखी दोन. या सर्व कादंबऱ्या नोकरीत असतानाच्या आहेत. त्यांच्या बाबतीत ‘सोडावी कधी’ याचे उत्तर साक्षात्कारावर अवलंबून नव्हते. पुस्तकांच्या उत्पन्नावर एका मुलाचा आणि स्वतःचा खर्च भागेल की नाही, एवढाच तो हिशेब होता.

नोकरी सोडल्यानंतर, १९३३ साली, सेयर्स यांनी ‘मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइज’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातील पिम्स पब्लिसिटी ही संस्था बेन्सनवरून बेतलेली आहे. एक कॉपीरायटर लोखंडी गोल जिन्यावरून पडून मरतो आणि लॉर्ड पीटर विम्सी हा हौशी गुप्तहेर खोट्या नावाने त्याच्या जागी नोकरीला लागतो. रहस्याची उकल येथे सांगायला हवी, कारण आमचा मुद्दा तिच्यातच आहे. मज्जातंतूंच्या एका टॉनिकची जाहिरात दर आठवड्याला वर्तमानपत्रात येत असते. तिच्या मथळ्याचे पहिले अक्षर कोकेन विकणाऱ्या टोळीला आधीच कळवले जाते आणि त्या अक्षराने नाव सुरू होणाऱ्या दारूच्या गुत्त्यात त्या आठवड्याचा माल वाटला जातो. मथळा लिहिणाऱ्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नसतो. आपले वाक्य बाहेर जाऊन नेमके काय करते, हे त्या वाक्याच्या कर्त्याला माहीत नसणे, ही जाहिरात-लेखनाची नैतिक स्थिती सेयर्स यांनी कथानकाच्या यंत्रातच बसवून टाकली आहे. हे त्यांना बाहेरून सुचले नसते. रोज सकाळी मथळे लिहिणाऱ्या बाईलाच ते दिसू शकत होते.

याच्या शेजारी जॉर्ज ऑर्वेल यांची १९३६ची ‘कीप द ॲस्पिडिस्ट्रा फ्लाइंग’ ठेवून पाहावी. तिचा नायक गॉर्डन कॉमस्टॉक पैशाच्या देवाशी युद्ध पुकारून जाहिरात-संस्थेतली चांगली नोकरी सोडतो, कविता लिहिण्यासाठी दारिद्र्य पत्करतो आणि अखेर संसारासाठी त्याच संस्थेत परत जातो. ऑर्वेल यांनी स्वतः जाहिरात-संस्थेत कधी काम केलेले नव्हते. दारिद्र्य त्यांना आतून माहीत होते आणि कादंबरीतले दारिद्र्य म्हणूनच इतके बोचते. जाहिरातीची कचेरी मात्र त्यांच्याकडे एक प्रतीक म्हणून येते. सेयर्स यांच्या कचेरीत चहाची भांडणे आहेत, क्रिकेटचा सामना आहे, एकमेकांच्या मथळ्यांवर हसणे आहे आणि या सगळ्याच्या पोटात दुष्टता आहे. विटाळाची दंतकथा रचणाऱ्याने ही दोन पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत. बाजारावर अधिक खोलवरची टीका बाजारात राहिलेल्या लेखिकेकडून आली, असे आमचे मत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या व्यवसायाचे केंद्र न्यूयॉर्कला सरकले. जोसेफ हेलर यांनी १९५३च्या सुमारास, जाहिरात-संस्थेत नोकरी करताना, एक युद्धकादंबरी सुरू केली. तिचे पहिले प्रकरण १९५५मध्ये एका वाङ्मयीन संग्रहात ‘कॅच-१८’ या नावाने छापले गेले. संपूर्ण ‘कॅच-२२’ प्रसिद्ध व्हायला १९६१ साल उजाडले. मधल्या काळात हेलर मोठ्या मासिकांच्या प्रसिद्धी-विभागांत नोकरी करत होते आणि संध्याकाळी घरी कादंबरी लिहीत होते. आठ वर्षांच्या संध्याकाळी असा हा हिशेब आहे. या कादंबरीतील लष्करी हुकूम, अर्ज, अहवाल आणि परिपत्रके यांची जी वेडगळ पण काटेकोर भाषा आपण विद्यार्थ्यांना दाखवतो, तिचे श्रेय फक्त युद्धातील अनुभवाला देणे पुरेसे नाही. लेखक ती लिहीत असताना दिवसभर कंपनीच्या सभांमध्ये बसत होता.

डॉन डिलिलो यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती आमच्या विवेचनाला सोयीची नाही, म्हणूनच सांगायला हवी. ते १९५९ ते १९६४ या काळात न्यूयॉर्कच्या ओगिल्वी संस्थेत कॉपीरायटर होते. १९६०मध्ये त्यांची पहिली कथा छापून आली होती. १९६४ला त्यांनी नोकरी सोडली, पण ती कादंबरीसाठी सोडलेली नव्हती. नोकरी करायची नाही, एवढेच त्यांनी ठरवले होते, असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे. कादंबरी सुरू झाली ती १९६६च्या सुमारास आणि ‘अमेरिकाना’ प्रसिद्ध झाली १९७१ साली. राजीनामा आणि पहिले पुस्तक यांच्यात सात वर्षे गेली. या वर्षांत ते अधूनमधून किरकोळ लेखनकामे घेत आणि अत्यंत काटकसरीने राहत. सोडणे म्हणजे लिहू लागणे नव्हे, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणार नाही.

सत्तरीच्या दशकात तिसरी तऱ्हा दिसू लागते. तिला आम्ही वाटणी म्हणू. ऑस्ट्रेलियाचे पीटर केअरी १९६२पासून जाहिरात-व्यवसायात होते. त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या छापल्याच गेल्या नाहीत. १९७४ला पहिला कथासंग्रह आला. १९७६मध्ये ते क्वीन्सलंडमधील यांडिना येथील एका पर्यायी वसाहतीत राहायला गेले. तेथे तीन आठवडे लिहायचे आणि चौथा आठवडा सिडनीत येऊन जाहिरात-संस्थेत काम करायचे, असा करार त्यांनी आपल्या आयुष्याशी केला. १९८० साली तर त्यांनी भागीदारीत स्वतःची जाहिरात-संस्था काढली आणि लगेच १९८१मध्ये ‘ब्लिस’ ही कादंबरी आली. तिचा नायक जाहिरात-संस्थेचा मालक आहे. तो नऊ मिनिटे मरतो आणि परत आल्यावर आपण नरकात जगत आहोत अशी त्याची खात्री पटते. १९८८ साली केअरी यांना बुकर पारितोषिक मिळाले, तेव्हाही संस्थेतील त्यांची भागीदारी शाबूत होती. ती त्यांनी १९९०मध्ये विकली.

मुंबईत जन्मलेले सलमान रश्दी यांची लंडनमधील वर्षे साधारण याच वळणाची आहेत. १९७५ साली आलेली त्यांची पहिली कादंबरी ‘ग्रायमस’ फारशी वाचली गेली नाही. त्यानंतर ते जाहिरात-संस्थेत अर्धवेळ काम करत राहिले. क्रीम केक आणि बुडबुडेदार चॉकलेट यांच्यासाठी त्यांनी लिहिलेले शब्द ब्रिटनमध्ये आजही लोकांच्या तोंडी आहेत. आठवड्यातील उरलेल्या दिवसांत ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’ लिहिली गेली आणि १९८१मध्ये प्रसिद्ध झाली. ‘जोसेफ अँटन’ या २०१२च्या आत्मकथनात त्यांनी या वाटणीचा एक विधी नोंदवला आहे. आठवड्याचे काम संपवून घरी आल्यावर कढत पाण्याने दीर्घ स्नान करायचे, आठवडाभराचा व्यापार धुऊन काढायचा आणि मग कादंबरीकार म्हणून बाहेर यायचे. विटाळाची आमची दंतकथा इतक्या शब्दशः रूपात एका लेखकाने स्वतःशीच पाळलेली पाहून मौज वाटते. तरीही त्या कादंबरीत लोणच्याच्या बरण्यांवर लावलेल्या चिठ्ठ्या आहेत, प्रत्येक प्रकरणाला लोणच्याच्या प्रकाराशी जोडणारी कल्पना आहे आणि शब्दांना चिकटवून नवे शब्द करण्याची खोड आहे. कढत पाण्याने सगळे धुतले जात नाही, हे वाचकाला दिसतेच.

या उदाहरणांतून व्यवसायाने कादंबरीला काय दिले, हे आता थोडे नेमकेपणाने म्हणता येईल. पहिली देणगी अर्थातच पैसा, म्हणजे वेळ. दुसरी, लेखनाविषयीचा अबोला मोडणे. प्रेरणा नसली तरी गुरुवारी चार वाजता मजकूर द्यायचाच, ही सवय कादंबरीच्या मधल्या कंटाळवाण्या प्रदेशात कामी येते. तिसरी, आधुनिक समाजाच्या यंत्रघरात बसायला मिळालेली खुर्ची. माणसांना कशाची हाव वाटते आणि कशाची लाज वाटते, हे तेथे रोज टेबलावर मांडले जाते.

पण जे विसरावे लागते तेही कमी नाही. जाहिरातीच्या लेखकाला शेवट आधी ठाऊक असतो. वाचकाने दुकानात जायचे आहे, हे ठरलेले असते आणि प्रत्येक शब्द त्या दिशेने ढकलायचा असतो. तिथे क्लायंट आहे, वरिष्ठ आहेत, मंजुरी आहे आणि कोणाचेही नाव नाही. कादंबरीत शेवट माहीत नसताना दोनशे पाने चालावे लागते आणि त्या पानांना कोणी मंजुरी देत नाही. मजकुराखाली स्वतःचे नाव घालायचे म्हणजे चुकीची जबाबदारीही एकट्याने घ्यायची. संक्रमण कशाला म्हणायचे, तर या बदलाला, असे आम्हांला वाटते. ते घडते लिहिण्याच्या टेबलाशी. आस्थापना-विभागात दिलेल्या कागदावर त्याची तारीख सापडत नाही.

मराठीत याचे सर्वांत अर्थपूर्ण उदाहरण म्हणजे किरण नगरकर (१९४२–२०१९). त्यांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. ‘सात सक्कं त्रेचाळीस’ ही त्यांची पहिली कादंबरी १९७४ साली मौज प्रकाशनाने काढली. मराठी कादंबरीची कालक्रमाची सवय मोडणारी ही कृती आजही एम. ए.च्या वर्गात वाद निर्माण करते. नगरकरांची दुसरी कादंबरी ‘रावण अँड एडी’ १९९५ला आली आणि ती इंग्रजीत होती. मधल्या २१ वर्षांत त्यांनी अनेक कामे केली. त्यांपैकी जाहिरातीचे लेखन हे पोटापाण्याचे प्रमुख साधन होते. कर्सी कात्रक या कवी-जाहिरातकाराच्या एमसीएम या संस्थेत नगरकर आणि अरुण कोलटकर हे दोघेही होते. या २१ वर्षांचा सगळा दोष व्यवसायावर ढकलणे मात्र योग्य नाही. १९७८च्या सुमारास लिहिलेले महाभारतावरील ‘बेडटाइम स्टोरी’ हे त्यांचे नाटक सेन्सॉरच्या कात्रीत आणि विरोधाच्या दडपणाखाली अडकले व अनेक वर्षे रंगमंचावर येऊ शकले नाही. लेखकाला गप्प करणाऱ्या गोष्टींत कचेरी ही एकटी नसते.

नगरकर इंग्रजीकडे वळले याचा मराठीत मोठा रोष झाला. त्या चर्चेत भाषाद्रोहापासून अनुवादापर्यंत सर्व मुद्दे येऊन गेले. मात्र एक साधी गोष्ट क्वचितच विचारात घेतली गेली. त्या काळातील मुंबईच्या मोठ्या जाहिरात-संस्था इंग्रजीत विचार करत आणि मराठी मजकूर बहुतेकदा भाषांतर म्हणून निघे. प्राथमिक शाळेची पहिली काही वर्षे सोडता नगरकरांचे शिक्षणही इंग्रजीतच झाले होते. असा लेखक मराठीत पहिली कादंबरी लिहितो, हेच खरे तर स्पष्टीकरण मागणारे आहे. आपण स्पष्टीकरण मागितले ते दुसऱ्या कादंबरीबद्दल. पुढे ‘ककोल्ड’ला २००० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही इंग्रजी विभागात. मराठीने एक कादंबरीकार गमावला असे म्हणायचे असेल, तर मराठीतून लिहून पोट भरण्याची कोणती व्यवस्था त्या काळी होती, हे आधी सांगावे लागेल.

कोलटकर कादंबरीकार नव्हेत, तरी त्यांचे नाव या संदर्भात टाळता येत नाही. जे. जे. कलाशाळेत शिकलेले कोलटकर मुंबईतील अत्यंत नावाजलेले आर्ट डायरेक्टर होते. ‘जेजुरी’ १९७६ची, ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ची, आणि त्यानंतर मोठ्या खंडाने पुस्तके आली ती २००४मध्ये झालेल्या निधनाच्या आगेमागे. दोघांची वेळापत्रके शेजारी ठेवली तर एक शंका मनात येते. कविता खिशात घालून हिंडता येते, एखादी ओळ वर्षभर घोळवता येते. कादंबरीला सलग दिवस लागतात. नोकरीशी जुळवून घेणे कवीपेक्षा कादंबरीकाराला अधिक महाग पडते का? मराठीत कवी-प्राध्यापक, कवी-अधिकारी, कवी-जाहिरातकार विपुल आहेत. दीर्घ कादंबरीचे लेखक त्या मानाने थोडे आहेत. याची कारणे केवळ प्रतिभेत शोधणे आम्हांला पटत नाही.

उंबरठा उलट दिशेनेही ओलांडला जातो, हे शेवटी नोंदवले पाहिजे. फे वेल्डन लंडनमध्ये अंडी खपवणाऱ्या गाजलेल्या मोहिमेच्या चमूच्या प्रमुख होत्या. १९६७मध्ये पहिली कादंबरी आल्यावर त्या स्त्रीवादी कादंबरीकार म्हणून मान्यता पावल्या. २००१ साली बल्गारी या जडजवाहिराच्या कंपनीकडून पैसे घेऊन, ठरावीक वेळा तिचे नाव येईल अशी ‘द बल्गारी कनेक्शन’ ही कादंबरी त्यांनी लिहिली आणि साहित्यविश्वात खळबळ उडाली. ३४ वर्षांपूर्वी ‘सोडलेला’ व्यवसाय कादंबरीच्या आत येऊन बसला होता. कादंबरीत कंपनीचे नाव किती वेळा यावे हे क्लायंट ठरवू लागला, की शेवट पुन्हा आधी ठरतो. आमचा आक्षेप असलाच तर या ठिकाणी आहे. भाकरीसाठी दिवसा जाहिरात लिहिणाऱ्यावर तो नाही.

आपल्याकडील अलीकडचे उदाहरण अनुजा चौहान यांचे. त्यांची पहिली कादंबरी ‘द झोया फॅक्टर’ २००८ साली आली, तेव्हा त्या मोठ्या जाहिरात-संस्थेत वरिष्ठ पदावर होत्या. नोकरी त्यांनी २०१०मध्ये सोडली. शंभर वर्षांत लेखनाचे स्वरूप, वाचक आणि बाजार सगळे पालटले. आधी पुस्तक आणि मागाहून राजीनामा, हा क्रम मात्र पालटलेला नाही.

तेव्हा “सोडावी कधी?” या प्रश्नाला इतिहासाचे उत्तर असे : सुरुवात आजच करावी, सोडण्याची घाई करू नये. अँडरसन, फिट्झजेरल्ड, सेयर्स, हेलर, रश्दी, केअरी, यांच्यापैकी प्रत्येकाचा मसुदा राजीनाम्यापूर्वीचा आहे. डिलिलो यांचा अपवाद सात वर्षांचा आहे आणि ती सात वर्षे कशावर काढायची हे ज्याने त्याने आपापल्या घरी विचारावे. या उत्तरालाही एक मर्यादा आहे आणि ती विद्यार्थ्यांपासून लपवू नये. आम्ही ज्यांची नावे घेतली ते यशस्वी झाले, म्हणून त्यांची वर्षे मोजता आली. ज्यांच्या संध्याकाळी थकव्यात गेल्या, ज्यांची साठ पाने साठच राहिली, त्यांची नोंद कोणत्याही साहित्येतिहासात नाही. ती पाने कचेरीतल्या खणांत होती.

आपल्या हाती एवढे नक्की आहे की लेखक-परिचय शिकवताना ‘काही काळ नोकरी’ या शब्दांपाशी थांबावे. किती काळ, किती पगार, घरात कमावणारे कोण, मूल कोण सांभाळत होते, हे विचारावे आणि विद्यार्थ्यांना शोधायला लावावे. मराठी कादंबरीकारांपुरती अशी एक साधी यादी जरी एखाद्या वर्गाने वर्षभरात तयार केली, तरी प्रबंधाला पुरेल इतके साहित्य तीत निघेल. साठ पाने दप्तरात घेऊन येणाऱ्या मुलामुलींना दाखवायलाही ती यादी उपयोगी पडेल.